गुडघ्याच्या वाट्यांचा खुलासा

मी रुग्णालयात कारकून आहे. तोही साधासुधा नव्हे, क्ष-किरण विभागाचा मुख्य कारकून. विभागात दुसरा कारकूनच नाही, त्यामुळे या मुख्यपदासाठी चुरस अशी कधी झाली नाही, पण दारावर पाटी आहे आणि पाटीवर 'मुख्य' आहे. लोक हाडं मोडून घेऊन येतात, तंत्रज्ञ फोटो काढतो, डॉक्टर तो उजेडात धरून मान हलवतात, आणि सगळ्यांचं बघून झालं की तो फोटो जपून ठेवायचं काम माझं.

माझ्या सासऱ्यांच्या मते हे काम नसून निव्वळ बसणं आहे. ते शाळेत ड्रिलमास्तर होते. ते निवृत्त झाले, पण त्यांची शिट्टी झाली नाही. ती अजून गळ्यात असते, आंघोळीलाही उतरत नाही. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडे राहतात. सकाळी घर उठवायला एक लांब शिट्टी होते, आणि मी दाढीला जरा वेळ लावला की स्नानगृहाच्या दाराबाहेर एक आखूड, इशाऱ्याची होते. मला ते 'जावईबापू' म्हणतात, पण 'बापू' म्हणेपर्यंत त्यांचा आदर संपलेला असतो.

तर आमचे जुने साहेब गेले आणि विभागप्रमुख म्हणून मॅडम आल्या. वयाने फार तर माझ्या धाकट्या बहिणीएवढ्या, पण पहिल्याच दिवशी मला 'काका' म्हणाल्या. मी घरी येऊन आरशात नीट पाहून घेतलं. असो. मॅडम म्हणाल्या, "काका, आपल्याकडे वर्षानुवर्षांचे फोटो संगणकावर चढवलेत, पण हवा तो फोटो सापडत नाही."

"सापडतो की," मी म्हटलं. "मला विचारायचं."

"आणि तुम्ही रजेवर असलात तर?"

मी रजेवर जात नाही हे उत्तर मला त्या क्षणी सुचलं नाही. मॅडमनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला. फोटो चढवताना ज्याला जे सुचलं ते त्याने लिहून ठेवलं होतं. एकाने 'छाती', दुसऱ्याने 'चेस्ट', तिसऱ्याने 'छातीचा पिंजरा', चौथ्याने 'फुप्फुसं', आणि एका घाईतल्या गृहस्थांनी नुसतंच 'छा'. आपल्याला कळतं की ही सगळी एकच बाई आहे, फक्त साड्या वेगळ्या. यंत्राला कळत नाही. त्याला 'बरगडी' आणि 'फासळी' एकच आहेत हे सांगावं लागतं, करंगळी हा बोटाचा प्रकार आहे हे सांगावं लागतं, आणि बोट हा हाताचा भाग आहे हेही सांगावं लागतं. थोडक्यात, साऱ्या शरीराची नातीगोती यंत्राला समजावून द्यायची. एकदा ती त्याला कळली की मग कुणीही काहीही विचारो, यंत्र बरोब्बर फोटो काढून देतं. या नातेसंबंधांच्या जाळ्याला 'ऑन्टॉलॉजी' म्हणतात, असं मॅडम म्हणाल्या, आणि मराठी शब्दांची बाजू तुम्ही सांभाळा, असंही म्हणाल्या.

घरी मी ही बातमी जरा छाती काढूनच सांगितली. सासरे म्हणाले, "ऑन्टॉलॉजी? कशाचे डॉक्टर ते?"

मी समजावून सांगितलं. त्यावर त्यांचा सल्ला असा, की सगळ्या अवयवांना उंचीप्रमाणे उभं करावं, डोक्यापासून सुरुवात, पावलांपाशी शेवट, आणि मध्ये कुणी हलायचं नाही. बायकोने भाजी निवडता निवडता वेगळाच सल्ला दिला. ती म्हणाली, "अहो, माहेर आणि सासर वेगळं ठेवा म्हणजे झालं. बोट हाताच्या माहेरचं. प्लास्टर सासरचं. ते काही हाताबरोबर जन्माला आलेलं नाही." मी हसलो. तिचं ऐकलं असतं तर ही कथा मला लिहावी लागली नसती, पण लग्नाला इतकी वर्षं झालेला माणूस भाजी निवडताना दिलेल्या सल्ल्याकडे कसा बघतो हे मी सांगायला नको.

मॅडमनी मला तीन रकाने आखून दिले होते: 'कशाचा प्रकार', 'कशाचा भाग' आणि 'कशाचं दुसरं नाव'. मी कामाला बसलो आणि माझ्या लक्षात आलं की मराठीत तिन्हीकडे एकच गोष्ट येते. हाताचं बोट. बोटांचा प्रकार. बरगडीचं दुसरं नाव. चा, ची, चे; झालं काम. एवढ्याशा कामाला तीन रकाने हा मला उधळेपणा वाटला. मी तिन्ही पुसून एकच रकाना केला आणि त्याला 'चा-ची-चे' असं सुटसुटीत नाव दिलं. मॅडम तेव्हा परिषदेला गेल्या होत्या. संगणकवाला घाईत होता. त्याने माझं सगळं यंत्रात ओतलं आणि वर, जाता जाता, रुग्णालयाचा भांडारविभागही त्याच यंत्राला जोडून दिला. "आता सगळं एकत्र बोलेल," तो म्हणाला. त्याचं म्हणणं शब्दशः खरं ठरलं.

पहिला दणका पोटरीने दिला. यंत्राने ती आपली आपणच पोटाखाली घातली. पोटाचे डॉक्टर मोठ्या अपेक्षेने फोटो उघडायचे आणि त्यांना पाय दिसायचा. त्यांनी दोनदा फोन केला, तिसऱ्यांदा स्वतः आले, आणि पोटरीला पोटात जागा देणारा माणूस कोण हे बघून गेले.

मग भांडारपालांचं पत्र आलं. भांडारपाल हे गृहस्थ माझ्यापासून दोन दारं सोडून बसतात, पण बोलायचं असलं की लिहितात. विषय: गुडघ्याच्या वाट्यांबाबत. आपल्या विभागाच्या नावे वाट्या फार मोठ्या संख्येने दिसून येत आहेत. पैकी कित्येक फुटलेल्या असून काही सरकलेल्या आहेत. फुटलेल्या वाट्या भांडारात जमा न करता परस्पर कोठे गेल्या, याचा खुलासा करावा.

मी कळवलं की सदर वाट्या रुग्णांसोबत त्यांच्या घरी गेल्या. माझ्या दृष्टीने विषय संपला होता. उत्तर आलं की रुग्णालयाची भांडी रुग्णांना घरी नेऊ देण्याचा अधिकार आपणास कोणी दिला. मी स्वतः उठून गेलो, त्यांच्यासमोर खुर्चीवर पाय ठेवला, विजार गुडघ्यापर्यंत वर केली आणि वाटी दाखवली. त्यांनी ती निरखून पाहिली. मग म्हणाले, "हे लेखी द्या."

ते देतोय न देतोय तोच माकडहाडाचं प्रकरण उद्भवलं. यंत्राने ते हाड माकडाचं धरलं. 'माकडाचं हाड', चा-ची-चे, माझ्याच रकान्यात बसत होतं. भांडारपालांनी विचारलं की माकडे आवारात कोणत्या दाराने आणली जातात. मी लिहिलं, माकड नाही, फक्त हाड आहे. त्यांनी विचारलं, उर्वरित माकडाचे काय केले.

इतकं होऊनही मी ताठ होतो. मी मोडलो ते मॅडम परत आल्या त्या दिवशी. त्यांनी गंमत म्हणून यंत्रात स्वतःचंच नाव घातलं. आता, विभाग मॅडमचा, आणि कारकून विभागाचा. यंत्राने क्षणभर विचार केला आणि मला मॅडमच्या अवयवांत दाखवलं, गुडघा आणि घोटा यांच्या मध्ये. डावा की उजवा हे नमूद नव्हतं. मॅडम इतक्या हसल्या की त्यांना पाणी द्यावं लागलं. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. "काका, राहू द्या," त्या म्हणाल्या, "सगळं पुसून पुन्हा करू." मुख्य कारकुनाला 'राहू द्या' म्हणणं म्हणजे काय असतं, ते मुख्य कारकुनालाच कळतं.

याच सुमारास एका सकाळी आमच्या घरची लांब शिट्टी मध्येच तुटली. नुसती हवा आली आणि पाठोपाठ खोकला. खोकला आधीपासून होता, पण सासरे तो शिट्टीच्या आड लपवत होते. मी त्यांना आमच्याकडेच घेऊन गेलो आणि छातीचा फोटो काढवला. मॅडमनी तो बघितला, पुन्हा बघितला, आणि मला बाजूला बोलावलं.

उजव्या फुप्फुसाच्या माथ्यावर एक डाग होता. "जुना असेल तर काहीच नाही," मॅडम म्हणाल्या. "कधीकाळी काही आजार होऊन आपोआप बरा झाला असेल, त्याचा व्रण. पण नवा असेल तर सुई घालून तुकडा काढून तपासावा लागेल. आणि काका, त्यांचं वय आणि त्यांचं हृदय बघता मला ती सुई घालायची भीती वाटते. फुप्फुस फाटलं तर ते सावरणार नाहीत. त्यांचा एखादा जुना फोटो असता तर शेजारी ठेवून लगेच सांगता आलं असतं."

मी सासऱ्यांना विचारलं, "बाबा, पूर्वी कधी छातीचा फोटो काढला होता?"

"छातीचा? कधीच नाही," ते म्हणाले. "शिस्तीत जगणाऱ्याला छातीचे फोटो लागत नाहीत."

सुई पुढच्या आठवड्यात घालायची ठरली. सासरे बेफिकीर असल्याचं दाखवत होते. पण दुसऱ्या दिवशी सकाळी शिट्टी झाली नाही. आम्ही दोघं वेळेवर जागे झालो आणि अंथरुणात तसेच पडून राहिलो, कुणी उठवेल म्हणून. मी दाढीला वाटेल तेवढा वेळ लावला आणि दाराबाहेर कुणी आलं नाही. इतकी वर्षं ज्या आवाजाने मी वैतागलो, तो ऐकू यावा म्हणून मी कान देऊन उभा होतो, हे मी मोकळेपणाने सांगतो.

मी कचेरीत जाऊन यंत्रापुढे बसलो. माणूस म्हणतो कधीच नाही, पण माणसं विसरतात. पंचाईत अशी की सासऱ्यांचं आडनाव आमच्या भागात दर दुसऱ्या घरात आहे, आणि जुन्या फोटोंवर आडनाव, आद्याक्षरं आणि तारीख यापलीकडे काही नाही. नुसत्या आडनावाने शोधलं तर माणसांचा लोंढा येई. त्यात 'छाती' घातलं तर माझ्या चा-ची-चे रकान्यामुळे छातीच्या बिल्ल्यापासून छातीच्या डॉक्टरांपर्यंत सगळं येई. हाताने निवडून निवडून खऱ्या छात्या बाजूला काढल्या. त्यांतली एकही सासऱ्यांची नव्हती. संध्याकाळी घरी आलो तेव्हा बायको दारातच उभी होती. माझ्या तोंडाकडे बघून तिला कळलं.

"एवढं जगाच्या शरीराचं जाळं विणलंत," ती म्हणाली, "त्यात माझ्या बाबांचा एक फोटो अडकत नाही?"

ती टोमणा मारत नव्हती. तो टोमणा असता तर मला उत्तर देता आलं असतं.

वरच्या मजल्यावर एक निवृत्त शिक्षक राहतात. आयुष्यभर व्याकरण शिकवलं, त्यामुळे सगळी सोसायटी त्यांना 'व्याकरणकाका' म्हणते आणि जिन्यात ते दिसले की चप्पल शोधायच्या निमित्ताने खाली वाकते. मला त्या दिवशी वाकायला उशीर झाला. त्यांनी काय झालं विचारलं आणि मी जिन्यातच सगळं सांगून टाकलं, रकान्यासकट.

"म्हणजे तुम्ही सबंध षष्ठी एकाच पोत्यात भरलीत," ते म्हणाले. त्यांच्या चेहऱ्यावर माझ्याबद्दल कणव होती आणि विषय निघाल्याचा आनंदही होता. "अहो, चा-ची-चे दिसायला एक. आत दहा अर्थ. हाताचं बोट म्हणजे अवयव. लाकडाचं टेबल म्हणजे कशाचं बनलंय ते. शेजाऱ्याचं टेबल म्हणजे मालकी. आता मला सांगा, खांद्याचा फोटो म्हणजे काय? खांद्याने काढलेला?"

"नाही हो."

"खांद्याच्या मालकीचा?"

"ज्यात खांदा दिसतो तो," मी वैतागून म्हटलं.

"बरं. त्यात खांदाच दिसतो? दुसरं काहीच नाही?"

मी 'नाही' म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच उघडं ठेवलं. खांद्याच्या फोटोत खांदा असतो. गळ्याचं हाड असतं. वरच्या बरगड्या असतात. आणि बरगड्यांच्या मागे, कुणी न बोलावता येऊन उभा राहिल्यासारखा, फुप्फुसाचा माथा असतो. हे मी हजार वेळा पाहिलं होतं. पण फोटो खांद्याचा म्हणून आम्ही 'खांदा' लिहून मोकळे झालो होतो. षष्ठीवरून पंचमीकडे वळलेल्या व्याकरणकाकांना तिथेच सोडून मी खाली पळालो.

सकाळी मॅडम यायच्या आधी मी त्यांच्या दाराशी हजर होतो. माझं ऐकता ऐकता त्या खुर्चीतून उठल्या. "काका, हेच तर राहिलं होतं," त्या म्हणाल्या. "फोटो कशासाठी काढला हे एक, आणि फोटोत काय काय दिसतं हे वेगळं." मग आम्ही दोघांनी बसून माझं पोतं उसवलं. प्रकार वेगळा, भाग वेगळा, दुसरं नाव वेगळं, मालकी वेगळी, प्लास्टर त्याच्या सासरी. माकडहाड माणसाला परत दिलं. वाट्या भांडारातून सोडवल्या. आणि 'यात दिसतं' असं एक नवीनच नातं लिहिलं. खांद्याच्या फोटोत फुप्फुसाचा माथा दिसतो, ही ओळ मी स्वतःच्या हाताने घातली, आणि ती घालताना मॅडमनी मला एकदाही 'राहू द्या' म्हटलं नाही.

मग मी सासऱ्यांचं आडनाव घातलं, आद्याक्षरं घातली, आणि शोध म्हणून 'उजव्या फुप्फुसाचा माथा' लिहिलं.

यंत्राने छात्या दाखवल्या, त्या बघून झाल्या होत्या. त्यांच्याखाली, काल जिथे काहीच नव्हतं तिथे, मोजके खांदे आले. पहिला कुणा बाईंचा होता. दुसरा एका मुलाचा. तिसरा उघडला आणि मी खुर्चीतच मागे सरकलो. गळ्याच्या हाडाजवळ, बाजूला सारलेली, पांढरीशुभ्र, आतल्या गोळीसकट स्पष्ट दिसत होती ती शिट्टी. तंत्रज्ञाने ती काढायला सांगितली असणार. त्याला काय उत्तर मिळालं असेल ते मला तिथे नसताना ऐकू आलं. आणि शिट्टीच्या जरा वर, बरगड्यांच्या मागे, एक लहान डाग होता.

मॅडमनी माझ्या हातातून माऊस काढून घेतला. दोन्ही फोटो शेजारी लावले, मोजले, पुन्हा मोजले. "काका," त्या शांतपणे म्हणाल्या, "घरी फोन करून दोघांना बोलवा. फोनवर काही सांगू नका, नाहीतर रिक्षाची वाट न बघता पळत येतील."

मी तरी फोटो सापडल्याचं सांगितलं. ते रिक्षातून आले, पण बायको चप्पल उलटसुलट घालून आली होती. सासरे मॅडमसमोर पाठ ताठ करून बसले, निकाल ऐकायला बसतात तसे. मॅडमनी पडद्यावर दोन्ही डाग दाखवले. "इतक्या वर्षांत तसूभर वाढलेला नाही. हा जुना व्रण आहे. सुई नको, काही नको. खोकल्याचं औषध देते, आणि वर्षातून एकदा फोटो काढत जाऊ."

बायकोने तोंडावर पदर धरला आणि ती भिंतीकडे वळली. मी आपला खिडकी उघडायला गेलो. ती आधीपासून उघडीच होती.

"पण आजोबा," मॅडम म्हणाल्या, "तुम्ही तर म्हणालात कधी फोटो काढला नाही."

"छातीचा काढला नाही म्हटलं," सासरे म्हणाले. "मला छातीचं विचारलं, मी छातीचं उत्तर दिलं."

"बरं, खांद्याला काय झालं होतं? इथे कारण लिहिलेलं नाही. आता सगळं नीट लिहून ठेवतोय."

सासरे शिट्टीशी चाळा करत राहिले. मी फोटोवरची तारीख पाहिली आणि मला ती ओळखू आली. आम्ही भाड्याची खोली सोडून आताच्या घरात आलो, त्याच्या दुसऱ्या दिवशीची ती तारीख होती. मी घर लावायला रजेवर होतो. आयुष्यात मोजून घेतलेल्या रजांपैकी ती एक. आदल्या दिवशी सासऱ्यांनी मुलीला लोखंडी कपाट दिलं होतं. ते अरुंद जिन्यात वळेना, हमाल हात झटकून निघून गेले, तेव्हा सासऱ्यांनी कपाटाचं एक टोक स्वतःच्या खांद्यावर घेतलं आणि दुसरं माझ्या ताब्यात दिलं. वर पोचल्यावर ते म्हणाले, "हलकंच होतं." आणि चहा न पिता, न बसता, शाळेत सामने आहेत म्हणून निघून गेले. बाबांना माझं घर आवडलं नाही, असं बायको त्या दिवशी रडून म्हणाली होती, आणि त्यानंतर किती तरी वर्षं म्हणत होती.

तिनेही तारीख वाचली होती. ती भिंतीपासून वळली.

"कपाट," ती म्हणाली.

सासऱ्यांनी मान हलवली. "खांदा निखळला होता. दुसऱ्या दिवशी इथे येऊन बसवून घेतला. जावईबापू रजेवर होते, बरं झालं."

"तेव्हाच सांगायला काय झालं होतं?"

सासऱ्यांनी पडद्यावरच्या आपल्याच हाडांकडे पाहिलं.

"तू या खोलीतून त्या खोलीत हसत फिरत होतीस," ते म्हणाले. "म्हटलं, मध्येच कशाला."

मॅडमनी कारण लिहायला घेतलेलं पेन खाली ठेवलं. बायको वडिलांच्या शेजारच्या खुर्चीत बसली, आणि पुढचा रुग्ण दार वाजवत होता तरी बराच वेळ उठली नाही.